गाडी गेली, वाट राहिली

मराठीत ‘रस्ता’ आणि ‘वाट’ असे दोन शब्द आहेत. रस्ता फारसीतून आला आणि इथलाच होऊन गेला. वाट त्याच्या आधीपासून होती. कोशात दोन्हींचा अर्थ जवळपास सारखाच सापडेल, पण बोलताना आपण फरक करतो. रस्ता बांधावा लागतो, वाट पडते. रस्त्याला खातं असतं, ठेकेदार असतो, टोलनाका असतो. वाटेला फक्त जाणारी-येणारी माणसं असतात. आज मी ज्याविषयी बोलणार आहे ते या दोन शब्दांच्या मधलं आहे. सरकारने बांधलेली, कायद्यात नोंदलेली, तरी स्वभावाने वाटच राहिलेली अशी एक गोष्ट फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून शेकडो किलोमीटर धावते. तिथे मोटारींना मज्जाव आहे. फ्रेंच भाषेत तिला ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणतात. शब्दशः अर्थ, हिरवी वाट.

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याला आठवते ती जुलै महिन्यातली शर्यत, १९०३ मध्ये सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’. घामाने निथळणारे सायकलपटू, मागे-पुढे मोटारींचा ताफा, दोन्ही बाजूंना आरडाओरडा करणारी गर्दी. हिरव्या वाटेवर यातलं काहीच नसतं. तिथे सात-आठ वर्षांची मुलगी आईच्या पुढे सायकल चालवत असते. सत्तरीचं जोडपं मागच्या पिशव्यांत तंबू घालून निघालेलं असतं. कुणी चाकाच्या खुर्चीवर, कुणी घोड्यावर, कुणी नुसतंच पायी. सप्टेंबर २००४ मध्ये एका सरकारी आदेशाने या वाटेची व्याख्या फ्रान्सच्या वाहतूक नियमांत आली. इंजिन नसलेली वाहनं, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखून ठेवलेला मार्ग, अशी ती व्याख्या. त्यातलं ‘यांच्यासाठीच’ महत्त्वाचं. मोठ्या रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून सायकलवाल्याला दिलेली ही उरलीसुरली जागा नव्हे. इथे मागून हॉर्न वाजणार नाही, याची खात्री कायद्याने दिलेली आहे.

या वाटा सगळ्याच डांबरी नाहीत. पुष्कळ ठिकाणी दगडाचा बारीक चुरा पसरतात, त्यावर पाणी मारतात आणि रोलर फिरवून तो घट्ट बसवतात. मध्ये किंचित उंच, कडेला उतार, म्हणजे पाणी साचत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मुरूम टाकून दबाई केलेला रस्ता. त्यासाठी शर्यतीची बारीक चाकांची सायकल उपयोगाची नाही. थोडी रुंद चाकं हवीत, आणि घाई नको. अशा वाटेवर चाकाखालून एक सलग आवाज येत राहतो. सुपात तांदूळ पाखडताना येतो तसा. मोटारीचा आवाज नसल्यामुळेच तो ऐकू येतो.

आता प्रश्न असा, की इतक्या लांबलचक, सपाट आणि रिकाम्या वाटा फ्रान्सला मिळाल्या कुठून? कुणी सायकलवाल्यांसाठी शेतं विकत घेऊन त्या आखल्या नाहीत. त्या आधीच होत्या. फक्त त्यांच्यावरची वाहतूक निघून गेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्ल द फ्रेसिने नावाचे एक अभियंते फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मोठी शहरं रेल्वेने जोडली गेली, पण आडगावांचं काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १७ जुलै १८७९ च्या कायद्याने त्यांनी एकदम १८१ नव्या रेल्वेमार्गांना मंजुरी मिळवली. लांबी ८,८४८ किलोमीटर. तालुक्याच्या प्रत्येक गावाला गाडीची शिट्टी ऐकू यावी, असं ते स्वप्न होतं. डोंगर फोडले गेले, पूल बांधले गेले, प्रत्येक गावाला छोटं स्टेशन आलं. फाटकाशेजारी फाटकवालीचं घर आलं. फाटकवाली असं मुद्दाम म्हणतो, कारण हे काम पुष्कळदा रेल्वे कामगारांच्या बायका करत.

मग रस्त्यावर बस आली, ट्रक आला, घरोघर मोटार आली. १९३८ मध्ये फ्रान्सच्या रेल्वे कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली, आणि त्याच सुमारास हजारो किलोमीटरवरच्या प्रवासी गाड्या बंद होऊ लागल्या. महायुद्धानंतर, विशेषतः १९७० च्या आसपास, आणखी मार्ग गेले. रूळ उखडले, स्टेशनं विकली गेली, खडीवर काटेरी झुडपं माजली. एका पिढीने ज्यासाठी डोंगर फोडला, ते दुसऱ्या पिढीत रानात गेलं.

बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी या ४४ किलोमीटरच्या जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये सायकलवाट खुली झाली. फ्रान्समधली ही पहिली ‘व्हुआ व्हेर्त’ मानतात. दोन्हीकडे द्राक्षमळे आणि कुरणं, कुरणांत त्या भागातली पांढरीशुभ्र शारोले गुरं. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, अशा वाटांचा देशव्यापी आराखडा सरकारने स्वीकारला.

क्लूनीचं नाव इतिहासात वेगळ्या कारणासाठी येतं. इसवी सन ९१० मध्ये तिथे एक ख्रिस्ती मठ स्थापन झाला. रोममधलं आजचं सेंट पीटर उभं राहीपर्यंत क्लूनीचं चर्च ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९८ मध्ये, ते व्यापाऱ्यांना विकलं गेलं. त्यांनी पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याचा दगडाच्या खाणीसारखा उपयोग केला. भिंती फोडायच्या, चिरे विकायचे. आज एक मनोरा आणि काही भाग उभा आहे, बाकीचं नकाशावर दाखवावं लागतं. त्याच गावाजवळून ही सायकलवाट जाते. एकाच गावाने वारशाचे दोन प्रकार पाहिले. मठ तुकड्यातुकड्याने विकला गेला. तो आता कुणाला पुन्हा उभा करता येणार नाही. रेल्वेची पट्टी मात्र निरुपयोगी झाल्यावरही सलग राहिली, आणि जिल्ह्याने ती हातात घेतल्यामुळे पुन्हा कामाला आली.

रेल्वेच्या पट्टीचं मोल तिच्या सलग असण्यात असतं. शेताचे तुकडे झाले तरी प्रत्येक तुकडा शेतच राहतो. वाटेतलं मात्र एक किलोमीटर विकलं, तर उरलेल्या चाळीस किलोमीटरची वाट राहत नाही, नुसती जमीन राहते.

दुसरी देणगी इंजिनाची. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे. म्हणून रुळांखालची जमीन शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढू नये, अशी काळजी घेतली जायची. डोंगराला वळसा, नाहीतर बोगदा. त्या काळजीचा फायदा आज सायकलवरच्या आजोबांच्या गुडघ्यांना होतो. क्लूनीच्या दक्षिणेला बुआ क्लेरचा बोगदा आहे, सुमारे १६०० मीटर लांब. त्यातूनही सायकलवाट जाते. हिवाळ्यात मात्र तो बंद ठेवतात, कारण त्या दिवसांत तिथे वटवाघळं झोपी जातात. सायकलवाले तेवढे महिने डोंगरावरून जातात. तक्रार करायला जागा नाही. गाड्या बंद झाल्यावर बोगद्यात आधी वस्ती वटवाघळांनीच केली होती.

हिरव्या वाटांचा दुसरा मोठा वारसा कालव्यांचा आहे. कालव्याच्या कडेने जी वाट असते तिला फ्रेंचमध्ये ओढण्याची वाट म्हणतात. बोटींना इंजिन नव्हतं तेव्हा काठावरून दोर बांधून त्या ओढत. ऐपत असेल त्याच्याकडे घोडा, नाहीतर माणूस. गरीब नावाडी छातीवर रुंद पट्टा आडवा बांधून स्वतः बोट ओढायचा आणि पुष्कळदा त्याच्या बायकोपोरांच्या छातीवरही तो पट्टा असायचा. आज जिथे आपण गवताचा वास घेत सायकल मारतो, तिथे माणसं जनावरासारखी वाकून चालली आहेत. हे माहीत असलं म्हणजे वाटेचं सौंदर्य कमी होतं असं मला वाटत नाही. पण ते थोडं जड होतं.

ब्रिटनीतला नाँत ते ब्रेस्त हा कालवा घ्या. लांबी सुमारे ३६० किलोमीटर. इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्त बंदराची समुद्राकडून कोंडी केली, तेव्हा आतून माल पोचवायला जलमार्ग हवा म्हणून नेपोलियनच्या काळात, १८११ मध्ये, काम सुरू झालं. तो पूर्ण व्हायला १८४२ साल उजाडलं. तोवर नेपोलियनही नव्हता आणि ते युद्धही नव्हतं. या कालव्याचा मोठा भाग म्हणजे आठ नद्या बांधून काढून एकमेकींना जोडलेल्या. पाणी पायरीपायरीने चढवण्या-उतरवण्यासाठी दोनशे तीसहून अधिक दरवाजांच्या हौद्या, ज्यांना आपण लॉक म्हणतो. ग्लोमेल गावाजवळ टेकडी कापून सुमारे तीन किलोमीटर लांब आणि वीस मीटरहून खोल खंदक खणावा लागला. १८२३ ते १८३२ या काळात तो कैद्यांकडून खणून घेतला गेला. आज त्या खंदकाच्या दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे, आणि उन्हाळ्यात तिथे गारवा असतो.

या कालव्याच्या जोस्लँ ते पोंतिव्ही या टप्प्यावर मी भाड्याच्या सायकलवरून गेलो आहे. बरोबर फ्रेंच जाणणारा मित्र होता. सुमारे पन्नास किलोमीटरला आम्ही दोन दिवस घेतले. जोस्लँला नदीत पाय सोडून बसल्यासारखा एक किल्ला आहे. तो मागे पडला की पुढे फक्त पाणी, वाट आणि झाडं. ठरावीक अंतरावर लॉक, आणि लॉकशेजारी रखवालदाराचं छोटं घर. घराच्या भिंतीवर लॉकचं नाव आणि क्रमांक. शहरात राहणाऱ्या माणसाला पहिला तासभर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. कान मागे लागलेले असतात, कुणी येतंय का ते ऐकायला. आयुष्यभराची ती सवय. मग कधीतरी लक्षात येतं की मागून काही येणार नाही. मान सैल होते. पाण्यावर झेपावणारा खंड्या दिसतो, राखी बगळा सायकल जवळ येईपर्यंत उडत नाही. माणूस बोलायला लागतो तो नेहमीपेक्षा हळू आवाजात. शांतता म्हणजे आवाज नसणं, असं मी समजत होतो. तिथे कळलं, की शांतता म्हणजे आवाजांना एकमेकांपासून वेगळं ऐकता येणं.

त्याच कालव्यावर पोंतिव्हीच्या पुढे गेर्लेदाँचं धरण लागतं. १९३० च्या सुमारास ते पूर्ण झालं आणि कालव्याचा तो भाग, सतरा लॉकसह, पाण्याखाली गेला. कालवा मधोमध तुटला, तो कायमचा. दुरुस्तीसाठी १९८५ आणि २०१५ मध्ये जलाशय रिकामा केला, तेव्हा बुडालेली लॉक आणि घरं चिखलातून वर आली आणि ती पाहायला लोकांची रीघ लागली. बुडालेलं गाव उन्हाळ्यात वर येतं म्हणजे काय, हे धरणाखाली गेलेल्या आपल्याकडच्या गावकऱ्यांना वेगळं सांगायला नको. बोटींचा मार्ग तिथे संपला. सायकलवाट मात्र तळ्याला वळसा घालून पुढे गेली. वाटेला तेवढं जमतं.

आता या चित्राची दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर हे भाषण पर्यटन खात्याची पुस्तिका होईल. कालव्यापासून जवळच प्लोएर्मेल गाव आहे. तिथून मालेत्रुआकडे आणि पुढे केस्ताँबेरकडे जुन्या रेल्वेमार्गावरून हिरवी वाट जाते. त्या वाटेवर एका छोट्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत आम्ही कॉफी प्यायलो. ते चालवणाऱ्या बाईंना मित्राने विचारलं, धंदा कसा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर बरा असतो, म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी आपण होऊन सांगितलं, की सायकलवाले सगळे म्हणतात, काय शांत गाव आहे. पण गाव शांत आहे कारण तरुण निघून गेले. डॉक्टरकडे जायचं तर मोटार लागते. त्यांच्या आईला मोटार चालवता येत नाही. आईच्या लहानपणी मात्र याच दारातून गाडीत बसता यायचं.

या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाहुण्याला जी शांतता वाटते, ती पुष्कळदा गावाची रिकामी झालेली जागा असते. सायकलवाटेने स्टेशनात कॉफी आणली, गाडी नाही आणली. म्हणूनच फ्रान्समध्ये असा वाद होतो, की जुन्या मार्गावर सायकलवाट केली म्हणजे रेल्वे परत यायची आशाच सोडली की काय? त्याला दुसऱ्या बाजूचं उत्तर असं, की वाट केली म्हणूनच ती पट्टी कुणाच्या घशात गेली नाही. उद्या रूळ टाकायचे ठरवले तर निदान जागा आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ब्रिटनीच्या मध्यावरच्या कारे या गावाहून एकेकाळी पाच दिशांना अरुंद रुळांच्या गाड्या सुटत. आता फक्त ग्वँगाँच्या दिशेने गाडी जाते. इतर दिशांना पुष्कळ ठिकाणी हिरव्या वाटा आहेत. एका गावात रूळ आणि वाट दोन्ही शिल्लक आहेत, हे मला आशेचं लक्षण वाटतं.

दुसरा वाद साधा दिसतो, पण साधा नाही. मुरूम की डांबर? चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती, स्केटिंग करणारी मुलं, रोज कामावर सायकलने जाणारा माणूस, यांना डांबर हवं. पावसात मुरूम चिकटतो, खड्डे पडतात, दर काही वर्षांनी डागडुजी लागते. उलट घोडेस्वार, चालणारे आणि निसर्गप्रेमी म्हणतात, डांबर टाकलंत की पाणी जिरणार नाही, वेग वाढेल आणि वाटेचा रस्ता होईल. मनाने मी मुरुमाच्या बाजूचा आहे. पण खुर्चीवरच्या माणसाची बाजू ऐकल्यावर माझी आवड हा निर्णयाचा निकष असू नये, हेही मला पटतं. चाकाला त्रास न देणारा घट्ट मुरूम करता येतो. त्यासाठी पैसा आणि देखभाल लागते. वाट नुसती मोकळी सोडून मोकळी राहत नाही, ती राखावी लागते.

इथे १९३६ सालाची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या वर्षी फ्रान्समध्ये कामगारांना पहिल्यांदा कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात कारखान्यांतली तरुण जोडपी दोघांनी मिळून चालवायच्या सायकलींवर बसून खेड्यांकडे आणि समुद्राकडे निघाली. मोटार श्रीमंताची होती, सायकल सगळ्यांची. मोकळ्या वाटेवरचा हक्क हा आधी मोकळ्या वेळेवरचा हक्क असतो. ज्याला रजा नाही, त्याला हिरव्या वाटेचं काय कौतुक?

या सगळ्यात आपल्यासाठी काही आहे का? फ्रान्सची नक्कल करावी, असं मी म्हणणार नाही. आपला पाऊस वेगळा, शेत वेगळं, गरज वेगळी. पण एक नातं खरं आहे. ब्रिटनीत दोन बांधांमधून जाणारी, वरून झाडांनी झाकलेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी खोल गेलेली वाट असते. ती पाहिली आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, ‘पाणंद’. मित्राला त्याचा फ्रेंच अर्थ सांगायची गरज पडली नाही, तो समोरच होता. तिकडेही अशा ग्रामीण वाटा गावाच्या मालकीच्या असतात, आणि तिकडेही शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगराचा एक तास आत घेतो. तीस वर्षं असं चाललं, तर ती जमीन त्याची होऊ शकते. २०२२ मध्ये फ्रान्सने कायदा करून गावांना मुभा दिली, की आपल्या वाटांची मोजदाद सुरू करा, तोवर ही मुदत थांबवून ठेवता येईल. आधी मोजा, मग राखा.

आपल्या गावनकाशातही गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, पायवाट एकेरी तुटक रेषेने. शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क आपल्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. २०२१ मध्ये आपल्या सरकारने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजनाही आणली. शेतमाल बाहेर काढायला त्या रस्त्यांची गरज आहेच. पण त्याच पाणंदीवरून पोरगी सायकलने शाळेत जाऊ शकते, म्हातारी माणसं ट्रकच्या धास्तीशिवाय चार पावलं फिरू शकतात, हेही त्या तुटक रेषेच्या हिशेबात धरायला हवं.

आपल्या गावचा नकाशा तलाठ्याकडे मिळतो. एखाद्या रविवारी तो घेऊन बसा. त्यावरची एक तुटक रेषा निवडा आणि ती जमिनीवर कुठपर्यंत जाते, ते चालून पाहा. जिथे ती थांबेल, तिथे कुणाचं तरी कुंपण असेल. तिथूनच बोलायला सुरुवात करावी लागेल, आणि भांडून नव्हे, बसून. कुंपणापलीकडचा माणूसही गावचाच असतो, आणि त्याच्याही मुलांना शाळेत जायला वाट हवी असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)